वाट आपल्या दारची, परवानगी कोणाची?



आमच्या महिला मंडळाची बैठक दर महिन्याला होते. बचतीचा हिशेब संपला की घरबांधणीच्या गप्पा निघतात. पूर्णगडात आमच्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या घराचं काम चालूच असतं. कोणी जुनं मातीचं घर उतरवून चिऱ्याचं बांधतं, कोणी वाटणीत आलेल्या तुकड्यावर नवं जोतं घालतं. सगळं काम एकदम कंत्राटदाराला देण्याची ऐपत नसते. मग चिरे आपण आणायचे, गवंडी आपण बघायचा, बांधकामावर पाणीही आपणच मारायचं. यजमान मुंबईला, म्हणून देखरेख बहुतेक वेळा बाईचीच.

अशा कामात एक प्रश्न हटकून येतो. जागा आपली, घर आपलं. रस्त्यावरून आत यायला चार पायऱ्या घालायच्या, नाहीतर रिक्षा उतरेल एवढी वाट काढायची. एवढ्याशा कामालाही परवानगी लागते का?

आज त्याविषयी बोलणार आहोत. पण आधी आमच्यातल्याच एकीची गोष्ट सांगतो. तिला विचारून सांगतो आहोत.

आमचं गाव उतरणीवर. वर गड, खाली मुचकुंदीची खाडी आणि मधे एकाखाली एक घरं. रस्ता वर असतो, घर खाली असतं, आणि दोघांच्या मधे जांभ्या दगडाची पाखाडी. तरण्या पायांना पाखाडी काही वाटत नाही. पण हिच्या सासूबाईंना पक्षाघात झाला, एक बाजू गेली. दवाखान्यात न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं, पाखाडी चढायची आणि वर रिक्षात ठेवायचं. वाडीत चार पुरुष हजर असतील तो दिवस दवाखान्याचा. नवं घर बांधायला काढलं तेव्हा तिने ठरवलं, वाटही अशी काढायची की सासूबाई खुर्चीवरून थेट रस्त्यावर येतील.

मे महिन्याच्या शेवटी जेसीबी आला. चालवणारा म्हणाला, "वहिनी, एवढ्याशा कामाला कसली आलीय परवानगी? तास-दीड तासाचं काम." आणि खरं सांगायचं तर "काही लागत नाही गं" असं तिला सांगणाऱ्यांत आम्हीही होतो.

उतार कापला. निघालेली माती रस्त्याच्या कडेला टाकली. गटारावरून गाडी जावी म्हणून गटारात दगड-डबर भरलं. शेजारच्या गडग्याचा कोपरा आड येत होता, तोही थोडा काढला. आठ-दहा दिवसांनी मृगाचा पाऊस पडला. गटार तुंबलेलं, पाणी नव्या वाटेनेच खाली धावलं आणि मातीसकट खालच्या घराच्या स्वयंपाकघरात शिरलं. खालच्या घरची बाईही आमच्याच मंडळातली. तिने ग्रामपंचायतीत अर्ज दिला. काय चुकलं तिचं? चुलीपाशी चिखल आला होता. काम थांबवण्याची नोटीस आली. अर्धा कापलेला उतार पावसाळाभर निळ्या ताडपत्रीखाली राहिला. सासूबाईंना त्या चार महिन्यांत दोनदा उचलून न्यावं लागलं, आता शेवाळलेल्या पाखाडीवरून. दुसऱ्या खेपेला एकाचा पाय घसरला. खुर्ची सावरली म्हणून निभावलं. मंडळाच्या बैठकीत एक दाराशी बसायची, दुसरी खिडकीशी. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आम्ही मधल्या. सल्ला देताना आम्ही काहीच विचारलं नव्हतं. म्हणून त्या पावसाळ्यात कागद घेऊन बसलो. तलाठी, ग्रामसेवक, नगररचना कार्यालय, एक वकीलबाई, सगळ्यांना विचारलं. जे कळलं ते असं.

काम केवढं आहे यावर परवानगी ठरत नाही. ते कोणाच्या हद्दीत आहे, कशासाठी आहे आणि त्याने दुसऱ्याचं काय बदलतं, यावर ठरते.

या बाबतीतला मुख्य कायदा १९६६ चा, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. त्यात 'विकास' या शब्दाचा अर्थ मोठा आहे. जमिनीवर, जमिनीखाली किंवा जमिनीच्या वर केलेलं बांधकाम, खोदकाम, आणि जमिनीच्या वापरातला मोठा बदल, हे सगळं विकासात येतं. पाच फुटांची वाट आणि पन्नास फुटांची वाट असा भेद त्या व्याख्येत नाही. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रातल्या खेड्यांना कलम १८ लागतं, आणि तिथे शेतीखेरीज दुसऱ्या कामासाठी जमीन वापरायची तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी हा मूळ नियम आहे.

मग प्रत्येक दगड हलवायला रत्नागिरी गाठायची का? तसंही नाही. कायद्यालाही किरकोळ काम कळतं. विकास योजनेच्या क्षेत्रांसाठी जे कलम ४३ आहे, त्यात परवानगी नको अशा कामांची यादीच दिली आहे. घराच्या आतली डागडुजी, बाहेरचं रूप फारसं न बदलणारी दुरुस्ती, शेतीच्या नेहमीच्या कामातलं खोदकाम, विहीरसुद्धा, हे त्या यादीत आहे. आणि नीट ऐका, फक्त शेतीसाठी जमिनीकडे जाणारा रस्ताही त्या यादीत आहे.

इथेच आपण फसतो. आपल्या जमिनीकडे बैलगाडीची, नाहीतर आंबे उतरवायच्या टेम्पोची वाट आधीपासून असते. आपल्याला वाटतं, वाट आहेच की, घराला तीच चालेल. पण कायद्याचे शब्द आहेत 'फक्त शेतीसाठी'. त्याच वाटेच्या टोकाला घर उभं राहिलं की ती वाट फक्त शेतीची राहत नाही. काल सवलतीत होती, आज नाही. वाट तीच, दगड तेच, कारण बदललं.

आता कामाला लागताना तीन हद्दी डोळ्यांपुढे आणा. पहिली आपली, दुसरी रस्त्याची, तिसरी शेजाऱ्याची.

पहिली हद्द आपली. असलेल्या पाखाडीचा निखळलेला चिरा बसवणं, पायरीला गिलावा करणं, अंगणात फरशी घालणं, कौलं शाकारणं, ही डागडुजी. यासाठी कोणी तुम्हाला अडवणार नाही. पण जमिनीची पातळी बदलणं, उतार कापणं, भराव घालून चिऱ्याची उंच भिंत बांधणं, ही नवी कामं. ती घराच्या परवानगीतच मागून घ्यायची.

हा आजच्या बोलण्याचा गाभा आहे, म्हणून पुन्हा सांगतो. घर बांधायला परवानगी तर तुम्ही घेणारच आहात. त्याच नकाशात रस्त्यापासून दारापर्यंतची वाट दाखवा. रुंदी किती, उतार किती, पाणी कुठून जाणार, सगळं काढून घ्या. नकाशा काढणारा माणूस बहुतेक वेळा घर काढतो आणि वाटेच्या जागी नुसता बाण दाखवतो. बाणावरून रिक्षा जात नाही. वाट नकाशात असेल तर एकाच अर्जात दोन्ही कामं होतात. नंतर वेगळी मागायला गेलात तर वेगळा अर्ज, वेगळे हेलपाटे.

डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. लहान भूखंडासाठी तिच्यात सोपी रीत आहे. १५० चौरस मीटरपर्यंतचा, म्हणजे साधारण दीड गुंठ्याचा भूखंड असेल, तर मालकीचे कागद, नकाशे आणि जाणकाराचा दाखला देऊन, शुल्क भरून काम सुरू करता येतं. १५० ते ३०० चौरस मीटर, म्हणजे तीन गुंठ्यांपर्यंत, अर्ज दिल्यावर १० दिवसांत दाखला द्यावा अशी तरतूद आहे. तुमची जागा गावठाणात की बाहेर, बिनशेती झाली आहे की नाही, यावर कोणत्या दाराशी जायचं ते ठरतं. बिनशेतीचे नियम मधूनमधून बदलतात. जावेला पाच वर्षांपूर्वी काय लागलं होतं त्यावर जाऊ नका. तहसील कार्यालयात आजचा नियम विचारा.

दुसरी हद्द रस्त्याची. आपल्या फाटकापासून डांबरापर्यंत जो तीन-चार फुटांचा पट्टा असतो, तो आपल्याला आपलाच वाटतो. तिथे आपण तुळस लावतो, सुकी मासळी वाळत घालतो. पण तो पट्टा आणि त्यातलं गटार रस्त्याच्या मालकाचं असतं. म्हणून आधी रस्ता कोणाचा ते विचारा. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड करून पुलावरून गावखडीकडे जाणारा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अखत्यारीतला. काही रस्ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे, वाडीतले ग्रामपंचायतीचे. मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गाला लागून जागा असेल तर महामार्गाच्या कार्यालयाचीच परवानगी लागते, आणि ती सर्वांत कडक.

गटारावर वाट टाकायची असेल तर ज्याचा रस्ता त्याची लेखी संमती घ्या. किती मापाचा पाइप घालायचा ते त्यांच्या अभियंत्याला लिहून द्यायला सांगा. आपल्या मनाने बारीक पाइप घातला की त्यात पाचोळा अडकतो आणि पहिल्याच पावसात गटाराचं पाणी घरात येतं, आपल्या नाहीतर दुसऱ्याच्या. फाटक बसवताना ते आतल्या बाजूला उघडेल असं बसवा, रस्त्यावर उघडणारं फाटक नियमात बसत नाही. आणि वाटेचं टोक, पायरी किंवा ओटा रस्त्यावर येऊ देऊ नका. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे रस्त्यावरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. ओटा एक वीत पुढे आला तरी ते अतिक्रमणच.

तिसरी हद्द शेजाऱ्याची. कोकणात गडगा ही हद्दीची खूण आहे, पण गडगा नेहमी बरोबर हद्दीवरच असतो असं नाही. आजोबांनी गडगा घालताना फणसाचं झाड वाचवायला वळण घेतलेलं असतं. म्हणून एकही चिरा हलवण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. मोजणीला पैसे लागतात, पण भांडणाला त्याहून जास्त लागतात.

आपल्याच जमिनीत खणताना एक गोष्ट लक्षात ठेवा. शेजारच्या जमिनीला आपल्या जमिनीचा आधार असतो. हा आधार मिळण्याचा शेजाऱ्याचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने मानलेला आहे. आपण उतार सरळ कापला आणि त्याची जमीन ढासळली, तर "मी माझ्या जागेत खणलं" हे उत्तर चालत नाही. भातलावणीच्या पावसात उतार कसा सुटतो ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

वाट शेजाऱ्याच्या जागेतून जात असेल तर त्याची तोंडी हो पुरत नाही. आज काका हो म्हणतात, उद्या त्यांचा मुलगा मुंबईहून येऊन नाही म्हणतो. लेखी करार करा, नोंदवून घ्या. वीस वर्षं उघडपणे, हक्काने, न अडता वापरलेल्या वाटेवर त्याच १८८२ च्या कायद्याने हक्क सांगता येतो, पण तो दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आपण "आज ना उद्या ऐकेल" म्हणत वर्ष काढतो आणि मुदत निघून जाते.

या तीन हद्दींशिवाय आपल्या किनाऱ्याच्या गावांना आणखी चार गोष्टी बघाव्या लागतात.

एक, खाडी आणि समुद्र. किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची, नंतर २०११ ची आणि मग २०१९ ची. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटर, आणि २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल तेवढं क्षेत्र यात येतं. त्यात स्वतः राहण्यासाठी ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घराला स्थानिक यंत्रणेकडूनच मंजुरी मिळण्याची सोय आहे, पण किनाऱ्यालगतचा ना-विकास पट्टा वेगळा. आपला गट क्रमांक कोणत्या पट्ट्यात पडतो ते नकाशावर दाखवून मागा. खाडीच्या बाजूने वाट काढताना भरतीच्या जागेत भराव टाकू नका आणि कांदळवनाला हात लावू नका. त्याच्या भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायचा असतो.

दोन, झाड. वाटेच्या आड आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ येत असेल तर ते आपलं असलं तरी परवानगीशिवाय तोडायचं नाही. १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत ही झाडं आहेत. वाट वळते, झाड वळत नाही.

तीन, माती. उतार कापून निघालेली माती त्याच भूखंडात सपाटीला वापरली तर तिच्यावर स्वामित्वधन लागत नाही. ही सूट २०१५ मध्ये राज्याच्या गौण खनिज नियमांत आली. पण तीच माती किंवा चिरा ट्रॉलीत भरून बाहेर गेला की परवाना लागतो, आणि नसेल तर जमीन महसूल संहितेप्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. जेसीबीवाला "माती मी घेऊन जातो, तुम्हाला काम स्वस्तात पडेल" म्हणाला तर आधी परवाना दाखव म्हणावं.

चार, गड. संरक्षित स्मारकाजवळ खणायचं तर पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयात विचारून मगच खणा. केंद्राच्या संरक्षणातल्या स्मारकांभोवती तर १०० मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण असतं.

ऐकून दडपण येईल. पण कामाचा क्रम लक्षात ठेवला तर एवढं अवघड नाही. आधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा आणि त्यावर आपलं नाव आहे का ते बघा. घर बाईने बांधलं, कागदावर बाई नाही, असं आमच्याकडे तिघींच्या बाबतीत निघालं. मग अर्ज देताना पुन्हा मुंबईची सही लागते. नाव नसेल तर आधी फेरफार करून घ्या. मग मोजणी. मग नकाशा, त्यात वाट. मग रस्त्याच्या मालकाला अर्ज. मग शेजारणीच्या दारात जाऊन, नकाशा पसरून, चहा घेत बोलणं. जेसीबी सगळ्यांत शेवटी. आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या, तारीख आणि शिक्का असलेली. "देऊन आले" हा पुरावा नाही, पोच हा पुरावा आहे.

उताराचंही एक गणित आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा हवा. म्हणजे रस्ता घरापेक्षा एक फूट उंच असेल तर वाट बारा फूट लांब. पाच फूट उंच असेल तर साठ फूट. आमच्या मैत्रिणीची पहिली वाट सरळ पंचवीस फुटांत उतरवली होती. परवानगी असती तरी त्या वाटेवरून खुर्ची एकट्या बाईला धरवली नसती.

त्या वाटेचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. गणपती झाल्यावर मोजणी झाली. गडग्याचा काढलेला कोपरा शेजाऱ्याचाच निघाला, तो पुन्हा रचून दिला. घराचा नकाशा दुरुस्त करून त्यात वाट दाखवली. रस्त्याच्या कार्यालयाने लिहून दिलेल्या मापाचा पाइप गटारात बसला. साठ फूट सरळ जागा नव्हती, म्हणून वाटेला दोन वळणं दिली आणि वळणावर खुर्ची थांबेल एवढी सपाट जागा ठेवली. पाण्याची पन्हळ कोणत्या बाजूने न्यायची हे खालच्या घरच्या मैत्रिणीला विचारून ठरवलं. पावसात पाणी तिच्याकडे कुठून येतं ते तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. ती आली, उभी राहिली, हाताने दाखवलं आणि गेली. तेवढंच बोलणं झालं, पण झालं.

दिवाळीनंतर सासूबाई खुर्चीतून वर रस्त्यावर आल्या. ढकलायला सून एकटी होती. रिक्षाला यायला वेळ होता, तर रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी केली. वर्षभर त्यांना माणसं भेटली नव्हती.

मैत्रिणींनो, परवानगीचा कागद सरकारसाठी असतो असं आम्हाला वाटायचं. आता वाटतं, तो बराचसा खालच्या घराच्या चुलीसाठी असतो. तुमच्याकडे काम निघालं असेल, तर जेसीबीला फोन करण्याआधी सातबारा काढा, आणि एकदा खालच्या घरी जाऊन या.

पुढच्या वेळी बोलू मोजणीच्या अर्जाविषयी. नमस्कार.